वल्हं नसलेली उमेदवार

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. आणि जिच्याबद्दल सांगतेय ती माझ्या अगदी उलट. वसतिगृहात तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तिला सगळे ‘ससा’ म्हणायचे. हे नाव मी ठेवलं नाही, पण ठेवणारीचं काही चुकलं असंही म्हणणार नाही.

ससा कशाला घाबरायची? अहो, कशाला घाबरायची नाही ते विचारा. जिन्यात पावलं वाजली की दचकायची. तिच्या नावाचं पाकीट आलं की आधी मला उघडायला लावायची. निकालाच्या दिवशी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची, म्हणजे कुणी सांगायला आलंच तर ऐकू जायला नको. एकदा पंख्याचा आवाज जरा बदलला तर बाईनं गादी ओढून दारात टाकली आणि मला म्हणाली, “तूही ये ना गं, पडला तर तुझ्यावर पडेल.” मी गेले नाही. पंखाही पडला नाही. पण मला मेलीला झोप कुठली लागायला!

अशी मुलगी विद्यापीठाच्या रोइंग क्लबात कशी आली, तर रांग चुकून. पहिल्या वर्षी ती ग्रंथालयाचं कार्ड काढायला आली होती आणि भलत्याच टेबलापुढे उभी राहिली. टेबलामागच्या सीनियरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “वजन किती?” ससानं सांगितलं. सीनियर खुर्चीतून उठलीच. “तू आमची!” म्हणाली. नाही म्हणायचीही हिला भीती वाटली. झालं, आली.

वजनाचं कारण असं. आमच्या होडीत नऊ जणी. आठ जणी वल्ही मारतात, आणि वल्ही मारणाऱ्या सगळ्या उलट्या तोंडानं बसतात. होडी जाते पुढे, आम्ही बघतो मागे. नववी शेपटाशी, आमच्याकडे तोंड करून बसते, दोन्ही हातांत सुकाणूच्या दोऱ्या धरून. तिला कॉक्स म्हणतात. पुढचं काय ते तिला एकटीलाच दिसतं. ती म्हणेल तेव्हा ओढायचं, म्हणेल तेव्हा थांबायचं. आणि ती वल्हं मारत नाही म्हणून हलकी हवी, उगाच कोण वाहून नेणार? आमच्या क्लबात कॉक्सला ‘ओझं’ म्हणायची पद्धत होती. प्रेमानं हो! पण म्हणायचे ओझंच.

ससा कॉक्स झाली, आणि एक गोष्ट मी तोंडावर सांगेन, चांगली झाली. रोज सकाळी होड्या ठेवायच्या शेडच्या मागे जाऊन ती ओकून यायची, तोंड धुवायची आणि होडीत बसायची. तिचे हात बर्फासारखे गार असायचे. पण आवाज एकदा निघाला की निघाला. “पाच नंबर, उशीर होतोय. डावीकडच्या, हळू. समोर ओंडका आहे, मी सांभाळते.” तीन वर्षांत आमच्या होडीला साधा ओरखडा नाही. त्याचं श्रेय तिला कुणी दिलं का? छे! ओरखडा न आल्याबद्दल कोण कुणाचे आभार मानतं?

तिच्या सगळ्यात जवळ, गुडघ्याला गुडघा भिडेल अशी, आठव्या जागेवर इंजिन बसायची. इंजिन म्हणजे आमची सगळ्यात ताकदवान मुलगी. रुंद पाठ, मोठं हसू, कशाचीच पर्वा नाही. तिनं पहिलं वल्हं ओढलं की बाकी सात जणींनी तिच्या तालावर ओढायचं. तिच्या मागे सातवी मी. म्हणजे तीन वर्षं मी नदी कमी आणि इंजिनची पाठ जास्त पाहिली.

त्या वर्षी क्लबाची कॅप्टन निवडायची होती. इंजिन उभी राहिली आणि सगळ्या धरूनच चालल्या की निवडून आली. तिनं सभेत सांगितलं, “मी कॅप्टन झाले की आपण पुलाच्या पलीकडे जाणार. अलीकडचं पाणी तोकडं आहे. शर्यत जिंकायची तर लांब, सरळ पाणी पाहिजे.”

पोरींनी शिट्ट्या मारल्या. खरं सांगायचं तर मीही मारली. बोलत होती ते चूक नव्हतं. फक्त पुलाच्या पलीकडे बंधारा होता. आणि त्या दिवसांत वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, नदी धक्क्याच्या पायऱ्यांवर चढलेली. पाणी चढलं की पुलाच्या खांबांमधून ते असं ओढ घेतं की वरून टाकलेली फांदी बघता बघता नाहीशी होते.

कोपऱ्यातून ससानं विचारलं, “पाणी चढलेलं असलं तरी?”

“अगं, पाणी आहे म्हणून तर होडी आहे,” इंजिन म्हणाली, आणि शेडभर हशा पिकला.

त्या संध्याकाळी मी खोलीत केस विंचरत होते. ससा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. म्हणाली, “मी उभी राहणार आहे.”

“कुठे?”

“कॅप्टनसाठी.”

मी हसले. हसणारच की! आरशात तिचं तोंड दिसलं आणि मग कंगवा खाली ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“तुला वेड लागलंय का? पंख्याला घाबरतेस तू.”

“घाबरते म्हणूनच,” ती म्हणाली. “कॅप्टन नाही म्हणाली तर होडी पाण्यात जात नाही. कॉक्सनं नाही म्हटलं तर दुसरी कॉक्स बसवतात. मला नाही म्हणता आलं पाहिजे. तुम्हाला पूल दिसत नाही गं. तुमची पाठ असते. मला दिसतो. तो मोठा मोठा होत येतो. त्याच्या खांबाशी पाणी कसं आत वळतं ते मला दिसतं. मी तुम्हाला त्याच्याकडे नेतेय, आणि तुम्ही आठ जणी माझ्याकडे बघून हसताय, असं रोज स्वप्न पडतं मला.”

मी उठून तिच्या कॉटवर जाऊन बसले.

आता आमच्या क्लबाची गंमत ऐका. आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीत, पेट्या नाहीत. शेडच्या दोन समोरासमोरच्या भिंती, एक एका उमेदवाराची, दुसरी दुसरीची. प्रत्येकीनं आपलं वल्हं न्यायचं आणि जिला मत द्यायचं तिच्या भिंतीला टेकवून ठेवायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मन मोठं असावं म्हणून उमेदवारानं स्वतःचं वल्हं शेवटी समोरच्या भिंतीला लावायचं. नियम एकच, हातात वल्हं तर मत, आणि मत तर उमेदवारी. म्हणजे कॉक्सला ना मत, ना उमेदवारी. इतक्या वर्षांत हे कुणाला खटकलं नव्हतं. कॉक्सनाही नाही.

ससा दुसऱ्या दिवशी सभेत उभी राहिली. “मला एक वल्हं द्या,” एवढंच म्हणाली.

“ओझं उभं राहतंय!” लंबू ओरडली. लंबू म्हणजे होडीच्या पार पुढच्या टोकाला बसणारी आमची ताडमाड मुलगी. मनानं वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

पोरी खिदळल्या. इंजिन मात्र उदार झाली. जिंकणाऱ्याला उदार व्हायला काय जातं? “द्या गं तिला वल्हं,” म्हणाली. शेडवाल्या काकांनी माळ्यावरून एक जुनं, रंग उडालेलं वल्हं काढून दिलं. ससाच्या हातात ते शिडीसारखं दिसत होतं. पण वल्हं मिळालं म्हणजे ते मारूनही दाखवायला हवं, हा दुसरा नियम. प्रत्येक उमेदवाराला एक सकाळ मिळते. त्या सकाळी होडी तिची. कुठे जायचं, कुठून वळायचं, सगळं ती ठरवणार. मात्र स्वतः वल्ह्यावर बसून.

इंजिनची सकाळ झकास गेली. तिनं होडी थेट पुलापर्यंत नेली, अगदी खांबाची सावली अंगावर पडेपर्यंत, आणि मग वळवली. म्हणजे वळवली कुणी? सुकाणू ससाच्या हातात होतं. माझ्या जागेवरून इंजिनच्या खांद्याआडून ससाचा अर्धाच चेहरा दिसायचा, तो घामानं निथळत होता. आवाज मात्र सरळ. “उजवीकडच्या ओढा. अजून. अजून. सुटलो.” धक्क्यावर उतरल्यावर पोरींनी इंजिनला खांद्यावर घेतलं. ससा शेडच्या मागे गेली. मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या पाठोपाठ.

मग ससाची सकाळ उद्यावर आली, आणि तिच्यानंतर लगेच मतदान. संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. तिचे वडील लांब पल्ल्याची बस चालवायचे. आई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. फोन आईनं उचलला आणि रडायलाच लागली, “बुडशील गं बाई, तुला कुणी सांगितलेत नसते उद्योग!” मग वडील आले. ससानं फोन दोघींच्या मध्ये धरला होता म्हणून मीही ऐकलं.

“अप्पा, तुम्हाला गाडी चालवताना भीती वाटते?”

“वाटते की,” अप्पा म्हणाले. “मागे सगळी गाडी घोरत असते. मी पण निवांत झालो तर कसं व्हायचं?”

“मग हात थरथरतात तेव्हा काय करता?”

“स्टेअरिंग धरतो. दुसरं काय करणार? जेवलीस का?”

ती जेवली नव्हती. त्यांना मात्र जेवले म्हणून सांगितलं.

सकाळी आभाळ स्वच्छ, वारा नाही. पाणी मात्र आदल्या दिवसापेक्षा एक पायरी वर. रात्रीतून वरून आणखी सोडलं असणार. ससानं ते पाहिलं आणि म्हणाली, “पंपघरापर्यंत जायचं आणि वळायचं. पुलाकडे जायचं नाही.”

पंपघर पुलाच्या बरंच अलीकडे. “बस्स?” लंबू म्हणाली. “माझ्या आजीनं वल्हवत नेलं असतं.”

प्रश्न उरला सुकाणूचा. ससा वल्ह्यावर, मग दोऱ्या कोण धरणार? “मी बसते,” इंजिन म्हणाली. “बसायचं आणि ओरडायचं. त्यात काय!” आणि ती त्या इवल्याशा जागेत गुडघे दुमडून कशीबशी मावली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. होडीचं शेपूट खाली गेलं. सगळ्या हसलो. इंजिनची आठवी जागा रिकामी झाली. शहाणपणानं आम्ही एकेक जागा शेपटाकडे सरकायला हवं होतं आणि ससाला कुठेतरी मध्ये बसवायला हवं होतं. पण मतदानाच्या दिवशी स्वतःची जागा सोडणार कोण? माझी सहावी, माझी पाचवी, करत सगळ्या आपापल्या जागी चिकटून बसल्या. मीही सातवी सोडली नाही. सगळ्यात दुबळी मुलगी सगळ्यात अवघड जागेवर बसली आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याच क्लबात होऊ शकतं असं!

निघालो. ससा वल्हं ओढत होती म्हणण्यापेक्षा वल्हं ससाला ओढत होतं. पण ताल चुकला नाही. आणि तिची पाठ इतकी लहान की तीन वर्षांत पहिल्यांदा मला समोर कॉक्स पूर्ण दिसत होती. इंजिन हसत होती, मोठ्यानं मोजत होती, “एक! दोन! अरे वा, ससा!”

मग ती मोजायची थांबली.

मला वाटलं, दम लागला असेल. मग वाटलं, दम कसला लागतोय, ही तर बसून आहे. तिचं हसू तोंडावरच होतं, पण नुसतं राहून गेलेलं. ती आमच्या डोक्यांवरून पुढे बघत होती. प्रवाह आम्हाला नेत होता. वल्ही अलगद लागत होती. वल्हं हलकं लागलं की पोरी खूश होतात, वाटतं आपण जोरात आहोत. मागून लंबू ओरडली, “मस्त चाललंय!”

माझ्या डाव्या हाताला पंपघराची भिंत आली. आली आणि मागे गेली. इथे वळायचं होतं. मी इंजिनकडे पाहिलं. तिची दातखीळ बसली होती. दोऱ्या हातात होत्या, पण हात दगडाचे. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तिनं डोळे मिटले. गच्च. लहान मूल इंजेक्शनच्या वेळी मिटतं तसे.

मागे काय आहे ते मला दिसत नव्हतं. पूल किती जवळ आला, खांब कुठल्या बाजूला, काही काही नाही. फक्त आवाज यायला लागला, पाणी दगडावर आपटतं तो. मला वळून बघायचं होतं आणि मान वळेना. ओरडायचं होतं आणि बोबडी वळली. एवढं फटकळ तोंड, त्या क्षणाला एक शब्द देईल तर शपथ!

“थांबा!” ससा ओरडली. “सगळ्या! वल्ही पाण्यात धरा! धरून ठेवा!”

आम्ही धरली. तीन वर्षांची सवय. त्या आवाजानं थांबा म्हटलं की हात आपोआप थांबतात. वल्ही अशी ओढली गेली की खांदे निखळतील असं वाटलं. ससाची पाठ पुलाकडे. तिलाही आमच्याइतकंच दिसत होतं, म्हणजे काहीच नाही. ती काठाकडे बघत होती. पंपघर किती मागे गेलं, मोठ्या झाडाच्या मुळ्या कुठे आहेत. ती बघत होती आणि तिच्या मानेवरची शीर उडत होती, ती मला दिसत होती.

“डावीकडच्या, उलटं मारा! उजवीकडच्या, ओढा! ओढा!”

होडी आडवी झाली. थंडगार सावली अंगावर आली, आणि पुढच्या टोकाकडून काडकन आवाज आला. लंबूचं वल्हं खांबाला लागून मोडलं. ती किंचाळली. कुणीतरी “आई गं” म्हणालं, मीच असेन. उरलेला दांडा खांबाला टेकवून लंबूनं जीव खाऊन ढकललं, टोक वळलं, आणि ससा ओरडतच राहिली, “ओढा, थांबू नका, ओढा.” प्रवाहाच्या उलट पंपघरापर्यंत यायला किती वेळ लागला कोण जाणे. माझ्या मागे सहा नंबर हुंदके देत वल्हवत होती. इंजिननं डोळे कधी उघडले तेही मला ठाऊक नाही. मी तिच्याकडे परत पाहिलंच नाही.

धक्क्यावर उतरलो आणि पाय जमिनीला लागले तसा पोरींच्या भीतीचा राग झाला. आणि राग निघाला कुणावर? ससावर!

“सगळं नीट चाललं होतं!” लंबू अर्धं वल्हं नाचवत म्हणाली. “ही घाबरली, किंचाळली आणि होडी आडवी झाली! दोन-दोन जणी हुकूम द्यायला लागल्या तर काय होणार?”

“मेलो असतो आज,” सहा नंबर म्हणाली. “तुला झेपत नाही तर उभी कशाला राहिलीस?”

बघा आता. त्यांच्या बाजूनं बघितलं तर खरंच होतं की. त्यांना पूल दिसला नव्हता. इंजिनचं तोंड दिसलं नव्हतं. त्यांना दिसलं एवढंच, की वल्ही हलकी लागत होती, सकाळ छान होती, आणि अचानक ससा ओरडली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, आणि ससानं माझं मनगट धरलं. त्या गार बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

“माझं चुकलं,” ती सगळ्यांना म्हणाली. “मी घाबरले.”

मी तिला शेडच्या मागे ओढत नेलं. “मूर्ख आहेस का तू? तिनं डोळे मिटले होते! मी पाहिलंय!”

“मीही पाहिलंय.”

“मग सांग की! हरशील ना गं! उद्या ती तुलाच दोऱ्या देऊन पुलापलीकडे नेईल!”

ससा भिंतीला टेकून खाली बसली. दात एकमेकांवर आपटत होते तिचे. “तिचं तोंड पाहिलंस ना?” ती म्हणाली. “ते तोंड घेऊन मी रोज बसते. कुणी ते असं चारचौघांत उघडं केलं असतं, तर मी परत कधी नदीवर आले नसते. मला हरायची भीती वाटते गं. खूप वाटते. पण हे नाही जमायचं मला.”

मी काय करणार? मूग गिळून आत गेले.

वल्ही लावायला सुरुवात झाली. मी सगळ्यांत आधी जाऊन माझं वल्हं ससाच्या भिंतीला असं आपटलं की काका दचकले. मग एकेक जण उठली. दुसऱ्या होडीतल्या, नवीन पोरी, सगळ्या. इंजिनच्या भिंतीला वल्ही दाटीनं उभी राहिली. लंबूनं आपला अर्धा दांडा तिथेच आदळला. ससाच्या भिंतीला माझं आणि आणखी दोघी-तिघींचं. ससा शांतपणे ते बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, बंधारा.

उमेदवारांची पाळी आली. ससानं ते रंग उडालेलं वल्हं इंजिनच्या भिंतीला लावलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या, जरा कीव करून. मग इंजिन आपलं वल्हं घेऊन ससाच्या भिंतीकडे गेली. टेकवलं. आता ती वळणार, हात वर करणार आणि आम्ही ओरडणार, असंच दरवर्षी होतं. लंबूनं तोंडात बोटं घालून शिट्टीची तयारीसुद्धा केली.

इंजिन वळलीच नाही. ती रुंद पाठ आमच्याकडे करून उभीच राहिली.

“मी डोळे मिटले होते,” ती म्हणाली.

कुणाला काही कळेना.

“पूल दिसला आणि मी डोळे मिटले. ती ओरडली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मला वाटलं आता संपलं सगळं. मला वाटलं, मी बघितलं नाही तर होणार नाही.” तिचा आवाज फाटला. “तीन वर्षं ती माझ्यासमोर बसतेय. मी तिला हसत होते. ती रोज हे बघते.”

मग लंबू उठली. लावलेलं वल्हं हलवता येतं की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजवर तशी वेळच आली नव्हती. तिनं आपला मोडका दांडा उचलला, शेड ओलांडून ससाच्या भिंतीला लावला आणि कुणाकडे न बघता म्हणाली, “अर्धंच आहे. अर्धं मत धरा.” तिच्या मागून सहा नंबर आली. मग पाच. सगळ्या आल्या नाहीत, तसं खोटं सांगणार नाही. पण पुरेशा आल्या.

ससा जिंकली. आणि जिंकल्यावर काय केलं असेल तिनं? फरशीवर बसली आणि रडायला लागली. “आता रोज मलाच ठरवावं लागेल,” मला म्हणाली. “चुकलं तर? मी ‘नाही’ म्हटलं नाही आणि काही झालं तर?” मी म्हटलं, आधी जेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आठ जणी होडी खांद्यांवर घेऊन धक्क्यावर उभ्या राहिलो. पाणी थोडं उतरलं होतं. ससा पायरीवर उभी राहून नदीकडे बघत होती. बघता बघता बराच वेळ गेला. होडी जड असते, खांदे भरून आले. एरवी आम्ही कुरकुरलो असतो, टोमणे मारले असते. कुणी ब्र काढला नाही.

शेवटी इंजिननं विचारलं, “काय दिसतंय?”

तीन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ससानं वळून पाहिलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. मग सांगायला लागली. झाडाच्या मुळ्यांशी एक ओंडका अडकलाय, तो सुटला तर मधोमध येईल. पंपघराच्या पुढे पाणी वरून सपाट दिसतं, पण खालून डावीकडे ओढतं. पुलाच्या दुसऱ्या खांबाशी फेस आहे, म्हणजे तिथे खाली काहीतरी आहे, काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. माझ्या पुढे इंजिनचा खांदा होडीखाली थरथरत होता. माझेही हात गार पडले.

“पंपघरापर्यंत,” ससा म्हणाली. “चालेल?”

आम्ही नऊच्या नऊ जणी घाबरलेल्या होतो. होडी खांद्यांवरून उतरवली, हळूच पाण्यात ठेवली, आणि एकेक करून बसलो.